दोन गोलार्ध वेगळे केले, तर माणसं किती उरतात?

रानवारा

१९६२ साली लॉस एंजेलिसच्या व्हाइट मेमोरियल हॉस्पिटलमध्ये एका माजी सैनिकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. वैद्यकीय लेखनात तो 'डब्ल्यू. जे.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात तो पॅराट्रूपर होता. शत्रूच्या ताब्यात असताना डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला आणि पुढे त्याला फिट्स येऊ लागल्या, इतक्या की कुठलंच औषध पुरेना. फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगेन या सर्जनांनी त्याच्या मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा जाड पट्टा कापला. या पट्ट्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात. एका बाजूला उठलेली फिट दुसऱ्या बाजूला पसरू नये, एवढाच हेतू. तो साध्यही झाला.

असा पट्टा कापण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९४० पासून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये विल्यम व्हॅन वॅगेनेन यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या. अँड्र्यू अकेलायटिस यांनी त्या रुग्णांच्या चाचण्या घेतल्या, पण त्यांना फारसा काही फरक सापडला नाही. माणूस तसाच बोलतो, तसाच चालतो, बुद्धी तीच. मग हा एवढा मोठा पट्टा आहे तरी कशासाठी? गोलार्ध खाली ओघळू नयेत म्हणून असावा, असं कार्ल लॅशलींसारखा मोठा शास्त्रज्ञ गमतीने म्हणायचा.

फरक होता, पण तो दिसायला प्रश्न नेमका विचारावा लागत होता. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत रॉजर स्पेरी आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मायकेल गझॅनिगा यांनी तो विचारला. नजर पडद्यावरच्या एका ठिपक्यावर रोखली, की ठिपक्याच्या उजवीकडचं दृश्य आधी मेंदूच्या डाव्या गोलार्धात पोचतं आणि डावीकडचं उजव्या गोलार्धात. बहुतेकांची वाचा डाव्या गोलार्धात असते. चित्र एवढ्या थोड्या वेळासाठी दाखवायचं की डोळा तिकडे वळायच्या आत ते गेलेलं असेल. तुमच्या-माझ्या मेंदूत ते लगेच पट्ट्यातून पलीकडे जातं. डब्ल्यू. जे. च्या मेंदूत तो रस्ता बंद होता.

उजवीकडे दाखवलेल्या वस्तूचं नाव तो नीट सांगायचा. डावीकडे दाखवलं की म्हणायचा, काही दिसलं नाही. आणि तेवढ्यात त्याचा डावा हात दिसल्याची खूण करत असायचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला बराच वेळ लागला. 'काही दिसलं नाही' असं म्हणणारा खोटं बोलत नव्हता. ज्याला दिसलं होतं त्याला बोलता येत नव्हतं. मग खोलीत कितीजण होते?

स्पेरींचं मत स्पष्ट होतं: दोन. प्रत्येक गोलार्धाला त्याची स्वतःची संवेदना, स्वतःच्या आठवणी, स्वतःची इच्छा. १९८१ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. जॉन एकल्स हे दुसरे नोबेलविजेते याच्या अगदी विरुद्ध बाजूला होते. त्यांच्या मते खरी आत्मजाणीव बोलणाऱ्या बाजूलाच, उजवी बाजू म्हणजे कुशल यंत्रणा.

मला या दोन्ही उत्तरांपेक्षा एक तिसरी गोष्ट अस्वस्थ करते, ती पुढच्या प्रयोगात आहे. सत्तरच्या दशकात गझॅनिगा आणि जोसेफ लडू यांनी व्हरमाँटमधल्या 'पी. एस.' या किशोरवयीन रुग्णाला एकाच वेळी दोन चित्रं दाखवली. डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय, उजव्या गोलार्धाला बर्फात गाडलेलं घर. समोर बरीच चित्रं मांडली होती, त्यांतून जुळणारं निवडायचं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. दोन्ही बरोबर. मग विचारलं, हे का निवडलंस? बोलणाऱ्या गोलार्धाने बर्फ पाहिलेलाच नव्हता. 'मला माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर झालं असतं. मुलगा क्षणभरही न अडखळता म्हणाला, सोपं आहे, कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं.

त्याला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. आतून सगळं एकसंध होतं. म्हणजे 'मी एक आहे' ही भावना खरोखर एक असण्याचा पुरावा ठरत नाही. दोन तुकडे झाले तरी ती तशीच टिकते, कारण ती तयार करणारा भाग स्वतःपुरता पूर्ण असतो. या धाग्यावर मला हेच बोलायचं आहे. मेंदू चिरलेल्यांबद्दल नाही फक्त, आपल्या सगळ्यांबद्दल.

---

टिटवी

सुंदर लिहिलंय. एक साधा प्रश्न. ही माणसं घरी कशी वागत? पडद्यावरचं चित्र क्षणभर दिसणं वेगळं, रोजचं जगणं वेगळं. दोन माणसं एका शरीरात असतील तर सकाळी शर्ट घालतानाच भांडण व्हायला हवं.

---

रानवारा

टिटवी, सुरुवातीच्या काळात तसं खरंच झाल्याच्या नोंदी आहेत. एक हात बटणं लावतोय आणि दुसरा सोडतोय. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे-महिने असं होऊ शकतं, मग बहुतेकांचं निवळतं. प्रयोगातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची होती. डब्ल्यू. जे. चा डावा हात (म्हणजे उजवा गोलार्ध) ते झटकन करायचा, उजव्या हाताला जमत नव्हतं. उजवा हात चाचपडत असताना डावा मधे येऊन मदत करायला लागला. शेवटी त्याला डावा हात मांडीखाली दाबून बसायला सांगावं लागलं.

एरवी मात्र डोळे हलतात, मान वळते, दोन्ही कानांना आवाज येतो, एकच पोट भुकेजतं. दोन्ही गोलार्धांना जवळपास सारखीच माहिती मिळत राहते. शिवाय मेंदूचा खालचा भाग, मेंदूस्तंभ वगैरे, कापलेला नसतोच. झोप-जाग, भीती, हुरहुर हे खालून दोन्हीकडे जातं. एका रुग्ण स्त्रीला डाव्या बाजूला अचानक नग्न चित्र दाखवलं, तेव्हा ती लाजली, हसली. काय दिसलं विचारलं तर म्हणाली, काही नाही, आणि मग, काय बाई तुमचं ते यंत्र! भावना पलीकडे पोचली होती, तिचं कारण मात्र पोचलं नव्हतं.

---

चौकस

लेख चांगला, पण कथा अर्धी झाली. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी पट्टा पूर्ण कापलेल्या दोन रुग्णांवर प्रयोग करून वेगळं चित्र मांडलं. जुन्या नियमाप्रमाणे डावीकडचं फक्त डाव्या हाताला सांगता यायला हवं. या दोघांना वस्तू दिसली की नाही आणि कुठे दिसली, हे दोन्ही बाजूंसाठी डाव्या हाताने, उजव्या हाताने आणि तोंडानेही सांगता येत होतं. पण डावीकडची आकृती आणि उजवीकडची आकृती सारखी आहे का, हे मात्र सांगता येत नव्हतं.

त्यांचा निष्कर्ष: पाहणं दुभंगलंय, पाहणारा नाही. मग 'खोलीत कितीजण' याचं उत्तर एक असंच येतं, नाही का?

---

रानवारा

चौकस, तो अभ्यास मला माहीत आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण दोन अडचणी आहेत. पहिली गझॅनिगा आणि लुकास फोल्झ यांनीच लगेच मांडली: गोलार्ध बाहेरून एकमेकांना खुणा करतात. डोळा किंचित हलतो, मानेचा स्नायू ताणला जातो, आणि दुसरी बाजू ते वाचते. वर्षानुवर्षं असं जगलेला मेंदू यात तरबेज होतो. 'काहीतरी आहे, तिकडे आहे' एवढी माहिती अशा खुणेतून जाऊ शकते. आकृतीचा तपशील जाऊ शकत नाही. पिंटोंना जे सापडलं ते याच्याशी जुळतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पाहणारा एक असेल, तर त्याला दोन आकृत्यांची तुलना का करता येऊ नये? एकाच जाणिवेत दोन्ही चित्रं आहेत आणि तरी ती शेजारी ठेवून बघता येत नाहीत, याचा अर्थ काय होतो?

---

चौकस

याचा अर्थ असा की तुलना करणं आणि जाणीव असणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. मलासुद्धा गर्दीत शंभर चेहरे एकदम दिसतात, सगळ्यांची तुलना करता येत नाही. म्हणून मी शंभरजण होत नाही.

---

तरंग

मी एका रुग्णालयात ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) तंत्रज्ञ आहे, अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या आजाराच्या, शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत असते. थोडी भर घालते.

आमच्याकडे कधीकधी वाडा टेस्ट होते. जून वाडा या जपानी डॉक्टरांनी १९४९ मध्ये ती पहिल्यांदा प्रसिद्ध केली. गळ्यातल्या कॅरोटिड धमनीतून एका गोलार्धापुरतं गुंगीचं औषध सोडतात. रुग्ण जागा असतो, दोन्ही हात वर धरून आकडे मोजत असतो. औषध गेलं की विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो. वाचेची बाजू झोपली तर मोजणं मधेच थांबतं. काही मिनिटांचा खेळ. त्यात वस्तू दाखवायच्या, आणि औषध उतरल्यावर विचारायचं काय काय आठवतं. वाचा आणि स्मृती कुठल्या बाजूला आहे ते कळतं, म्हणजे सर्जनना कुठे हात लावायचा नाही ते कळतं. हल्ली फंक्शनल एमआरआयमुळे ती पूर्वीपेक्षा कमी करावी लागते.

डावी बाजू झोपते तेव्हा बोलणं बंद होतं, पण डोळे बंद होत नाहीत. रुग्ण बघत असतो. मी वस्तू पुढे केली की नजर वस्तूवर येते, मग माझ्या चेहऱ्यावर. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हापासून एकल्स यांचं 'उजवी बाजू म्हणजे नुसती यंत्रणा' हे मत मला पटू शकलेलं नाही. ज्याच्या डोळ्यांत मी बघत होते तो कुणीतरी होता. विज्ञानात याला पुरावा म्हणत नाहीत हे मला कळतं. तरी सांगावंसं वाटलं.

आणि एक विनंती. या संशोधनातून पुढे 'उजव्या मेंदूची माणसं कल्पक, डाव्या मेंदूची हिशेबी' असं जे पसरलं, ते इथे नको. यूटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजारहून जास्त लोकांचे स्कॅन तपासले. ज्याचा एक पूर्ण गोलार्ध दुसऱ्यापेक्षा प्रबळ आहे असा माणूस त्यांना दिसला नाही. विशिष्ट कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं, स्वभाव मात्र बाजूंत वाटलेला नसतो. मुलांचा 'उजवा मेंदू जागृत' करून देतो म्हणून आपल्याकडे पालकांकडून भरमसाट फी घेणारे वर्ग चालतात. पालक प्रेमापोटी पैसे भरतात. ते बघून फार वाईट वाटतं.

---

शमीवृक्ष

धागा वाचून राहवलं नाही. मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. रानवारा, तुमचा प्रश्न न्यायसूत्रांत (न्याय या भारतीय तर्कदर्शनाचा मूळ ग्रंथ) जवळपास याच भाषेत विचारलेला आहे.

तिसऱ्या अध्यायात आत्मा सिद्ध करताना गौतम म्हणतात: सव्यदृष्टस्येतरेण प्रत्यभिज्ञानात् (३.१.७). डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्या डोळ्याने ओळखता येतं, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या मागे ओळखणारा एक असला पाहिजे. डोळाच पाहणारा असता तर एकाने पाहिलेलं दुसऱ्याला कसं ओळखू आलं असतं?

यावर आक्षेप येतो, तो पुढच्या सूत्रात: डोळा मुळात एकच आहे, मधे नाकाचं हाड आल्यामुळे दोन असल्याचा भास होतो. त्याला उत्तर: एकविनाशे द्वितीयाविनाशान्नैकत्वम् (३.१.९). एक डोळा गेला तरी दुसरा जात नाही, म्हणून तो एक नव्हे, दोनच आहेत.

हे वाचताना मला नेहमी वाटायचं की हा तर्क अभेद्य आहे, कारण डाव्याने पाहिलेलं उजव्याला ओळखता आलं नाही असं कधी घडणारच नाही.

---

रानवारा

शमीकाका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. ते घडलं आहे!

माणसांच्या आधी, १९५० च्या दशकात, शिकागोत स्पेरी आणि रोनाल्ड मायर्स यांनी मांजरांवर हाच प्रयोग केला. प्रत्येक डोळ्याचे निम्मे तंतू मधल्या चौकात पलीकडच्या बाजूला जातात, त्यामुळे एक डोळा दोन्ही गोलार्धांना माहिती देतो. त्यांनी हा चौक (ऑप्टिक कायाझम) मधोमध कापला. आता डावा डोळा फक्त डाव्या गोलार्धाला, उजवा फक्त उजव्याला. एका डोळ्यावर पट्टी बांधून मांजराला दोन आकृत्यांतली एक ओळखायला शिकवलं. पट्टी बदलली, तरी मांजराला येत होतं. इथपर्यंत गौतमांचं सूत्र उभं आहे.

मग कॉर्पस कॅलोसमही कापला. आता पट्टी बदलली की मांजराला काहीच येईना. पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि शिकायला पहिल्याइतकाच वेळ लागला. इतकंच नाही, डाव्या डोळ्याला 'ही आकृती बरोबर' आणि उजव्या डोळ्याला 'दुसरी बरोबर' असं उलटसुलट शिकवता आलं. दोन्ही धडे एकमेकांना त्रास न देता राहिले.

सव्यदृष्टाचं इतराने प्रत्यभिज्ञान झालं नाही. मग सूत्राच्याच न्यायाने पाहणारे दोन मानायचे का? प्रश्न खोडसाळपणे विचारत नाहीये, मला खरंच तुमचं मत हवंय.

---

मायलेक

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मुलीला दुसऱ्या वर्षापासून फिट्स येतात. एका डॉक्टरांनी हेमिस्फेरोटॉमीबद्दल माहिती घेऊन ठेवायला सांगितलंय. एका बाजूचा आजारी गोलार्ध दुसऱ्यापासून पूर्ण तोडतात म्हणे. तुमची चर्चा वाचताना पोटात गोळा आला. 'कितीजण उरतात' हा प्रश्न तुमच्यासाठी विचाराचा असेल. माझ्यासाठी प्रश्न असा आहे की ऑपरेशननंतर माझी मुलगी पूर्ण उरेल का?

रस्त्यात फिट आली की लोक अजून कांदा आणि चप्पल घेऊन धावतात. घरातले म्हणतात कुणाला सांगू नकोस, पुढे लग्नाचं बघायचंय. त्यात आता 'अर्धा मेंदू' हा शब्द ऐकवत नाही.

---

तरंग

मायलेक ताई, तुमचा निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच होईल. मी फक्त मला जे ठामपणे माहीत आहे ते सांगते.

ही शस्त्रक्रिया धाग्यातल्या शस्त्रक्रियेपेक्षा वेगळी आहे. तिथे दोन्ही गोलार्ध काम करत राहतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. हेमिस्फेरोटॉमीत आजारी गोलार्धाचा संबंध तोडतात आणि उरलेला गोलार्ध सगळा संसार चालवतो. रासमुसेन एन्सेफलायटिससारख्या आजारात, जिथे एक बाजू सतत फिट्स निर्माण करते, तिथे हा जुना आणि मान्य उपचार आहे. विरुद्ध बाजूच्या हाताची बारीक हालचाल जाते, एका बाजूचं दृश्यक्षेत्र जातं, हे खरं आहे आणि ते डॉक्टर तुम्हाला स्पष्ट सांगतील. पण लहान वयात ऑपरेशन झालेली मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात, रुसतात, हट्ट करतात. त्यांच्याशी बोलताना समोर अर्धं कुणी आहे असं कधीच वाटत नाही. एक पूर्ण मूल असतं.

भारतात हे उपचार चांगले होतात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्मार शस्त्रक्रियेचा कार्यक्रम आहे आणि आता मोठ्या शहरांत इतरत्रही सोयी आहेत. दुसरं मत जरूर घ्या. आणि लग्नाचं म्हणाल तर १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढून टाकला आहे. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ मोजायची. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर दवाखाना. एवढंच.

---

टिटवी

ताई, तुमच्या लेकीला खूप खूप आशीर्वाद. इथे लिहीत राहा.

---

चौकस

मायलेक, मनापासून शुभेच्छा.

तरंग यांनी सांगितलेल्या गोष्टीतून चर्चेलाही एक धागा मिळतो. एक गोलार्ध गेला तरी माणूस उरतो, मग तो डावा जावो की उजवा. म्हणजे प्रत्येक गोलार्ध एका माणसाला पुरतो. रोलंड पुचेटी या तत्त्वज्ञाने यावरून टोकाचा निष्कर्ष काढला की आपल्या प्रत्येकात पहिल्यापासून दोघेजण राहतात, फक्त पट्ट्यामुळे ते लक्षात येत नाही. मला हे साफ नामंजूर आहे. पुरेसं असणं वेगळं आणि आत्ता तिथे असणं वेगळं.

गंमत म्हणजे हा वाद शस्त्रक्रियेच्या फार आधीचा. फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये लिहून ठेवलं होतं की मेंदू मधोमध चिरला तर जाणिवा दोन होतील. पुढे विल्यम मॅकडूगल या मानसशास्त्रज्ञाला ते इतकं अमान्य होतं की, आपल्याला असाध्य आजार झाला तर माझा कॉर्पस कॅलोसम कापून बघा, असं त्याने शेरिंग्टन या मज्जासंस्थेच्या अभ्यासकाला सांगून ठेवलं होतं. आपली जाणीव एकच राहील याची त्याला खात्री होती. पण डब्ल्यू. जे. चं उदाहरण बघता वाटतं, मॅकडूगलवर प्रयोग झाला असता तरी बोलणाऱ्या तोंडाने 'मी एकच आहे' असंच सांगितलं असतं.

---

रानवारा

चौकस, तुमचं हे शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या धाग्याचा गाभा आहे. आतून विचारून हा प्रश्न सुटत नाही.

मायलेक ताई, 'कितीजण' हा शब्द लिहिताना मनात संशोधन होतं, पण वाचणारी माणसं आहेत. तुमच्या मुलीबद्दल बोलायचं तर तिथे प्रश्नच उभा राहत नाही. दोन मानणारे स्पेरी धरा की एक मानणारे पिंटो, एक गोलार्ध काम करत असेल तर तिथे एक पूर्ण माणूस आहे. वाद फक्त दोन्ही चालू असताना आहे.

---

गवतफूल

वाचतेय. 'बोलणारा भाग कारण बनवतो' हे फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांत होतं की आपल्यातही? रानवारा यांनी 'आपल्या सगळ्यांबद्दल' म्हटलंय, पण दाखवलेलं नाही.

---

रानवारा

रास्त आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांचा २००५ चा प्रयोग बघा. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, जास्त आकर्षक कोणता ते निवडायला सांगितलं. मग हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात दिला आणि विचारलं, हाच का आवडला? बहुतेकदा अदलाबदल लक्षातच आली नाही, आणि लोकांनी त्या न निवडलेल्या चेहऱ्याची कौतुकं केली. या लोकांचे मेंदू अखंड होते.

गझॅनिगा या यंत्रणेला 'इंटरप्रिटर' म्हणतात. पी. एस. च्या उजव्या गोलार्धाला 'चाल' असा शब्द दाखवला की तो उठून निघायचा. कुठे निघालास? तर, कोक आणायला. माझ्या मते इंटरप्रिटर आणि जाणीव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर बराच गुंता सुटतो. उजव्या गोलार्धाला स्वतःची गोष्ट सांगता येत नाही, पण त्याला पसंत-नापसंत आहे. पी. एस. ला पुढे कोण व्हायचंय विचारलं, तोंडाने उत्तर आलं 'ड्राफ्ट्समन'. तोच प्रश्न उजव्या गोलार्धाला विचारला, तेव्हा डाव्या हाताने अक्षरं जुळवली: 'ऑटोमोबाइल रेस'. आणि स्पेरींनी १९७९ मध्ये दाखवलं की उजवा गोलार्ध स्वतःचा फोटो ओळखतो, घरच्यांचे ओळखतो, आणि हिटलरचा फोटो दाखवल्यावर अंगठा खाली करतो. ज्याला स्वतःचा चेहरा कळतो आणि कुणाचा धिक्कार करायचा हे कळतं, त्याला 'कुणी नाही' म्हणणं मला शक्य नाही.

---

शमीवृक्ष

उशीर झाला, कारण मांजरांच्या प्रयोगाने झोप उडवली होती. भाष्य पुन्हा काढून बसलो.

नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांकडे, एक वाट आहे. त्यांच्या मते आत्मा वेगळा आणि मन वेगळं. मन अणुएवढं, म्हणून एका वेळी एकच ज्ञान होतं: युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम् (१.१.१६). एका वेळी अनेक ज्ञानं होत नाहीत, हीच मनाची खूण. मग म्हणता येईल की मांजरात मनाची वाट अडली, आत्मा एकच राहिला. स्मृती आत्म्यात आहे, पण ती जागी करणारं साधन तुटलं. प्रत्यभिज्ञान झालं नाही म्हणून प्रत्यभिज्ञाता नाही, असं ठरत नाही.

---

रानवारा

शमीकाका, ही वाट मी गंभीरपणे घेतो, पण तिच्यात अडथळा आहे. १९८९ मध्ये स्टीव्हन लक, गझॅनिगा आणि सहकाऱ्यांनी पट्टा कापलेल्या रुग्णांना पडद्यावर विखुरलेल्या आकृत्यांत एक विशिष्ट आकृती शोधायला दिली. आकृत्या दोन्ही बाजूंना वाटून ठेवल्या, तर या रुग्णांचा शोध दुप्पट वेगाने झाला. अखंड मेंदूच्या माणसांना असा फायदा मिळाला नाही. म्हणजे दोन शोध एकाच वेळी चालले होते. युगपत् ज्ञान झालं. मनाच्या खुणेप्रमाणे इथे मनं दोन निघतात.

---

शमीवृक्ष

मग मनं दोन आणि आत्मा एक, एवढं मी मान्य करीन. त्यापुढे नाही. दोन साधनं वापरणारा एक असू शकतो.

---

चौकस

पण मग तो आत्मा काय काम करतो? दोन्ही मनांत काय चाललंय ते त्याला एकत्र कळत नाही, कळलं असतं तर तुलना करता आली असती. काहीही न जुळवणारा एकपणा मला रिकामा वाटतो. पिंटोंच्या निष्कर्षावर मी इतका वेळ उभा होतो, तिथेही आता हाच प्रश्न लागू पडतो हे दिसतंय.

थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये म्हटलं होतं की या रुग्णांत मनं किती, याला पूर्णांकात उत्तर नसेल. एकही नाही, दोनही नाही, दीडही नाही. आधी मला तो पळपुटेपणा वाटायचा.

---

तरंग

या 'पूर्णांकात उत्तर नाही' ला धरून एक ताजी गोष्ट. हल्ली पूर्ण पट्टा कापण्याची वेळ कमी येते. औषधं वाढली, व्हेगस या मज्जातंतूला उत्तेजन देऊन फिट्स कमी करणारं उपकरण आलं, आणि कापायचाच झाला तर बऱ्याचदा पुढचा भागच कापतात, मुख्यतः धाडकन खाली पडण्याच्या फिट्ससाठी. त्यामुळे डब्ल्यू. जे. सारखे रुग्ण फार थोडे राहिलेत. २०२५ मध्ये काही प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एकाच्या पट्ट्याचा मागच्या टोकाचा फक्त साधारण एक सेंटीमीटर भाग शिल्लक होता. तेवढ्यावर दोन्ही बाजूंचा मेळ जवळपास पूर्ण टिकला होता. दुभंगल्याची लक्षणं दिसली ती पट्टा पूर्ण कापलेल्यांतच.

---

गवतफूल

बापरे. मग त्या एका सेंटीमीटरमधला निम्मा कापला असता तर? कितव्या तंतूला एकाचे दोन होतात?

---

रानवारा

माझं उत्तर असं की असा तंतू नाही. 'कितीजण' याऐवजी 'कशाचा कशाशी संबंध उरला' हे विचारलं, तर प्रत्येक रुग्णाबद्दल नेमकं सांगता येतं. दृश्य जुळतं का, स्पर्श जुळतो का, भीती पोचते का, हेतू पोचतो का, तुलना होते का. डब्ल्यू. जे. मध्ये भीती एक होती, भूक एक होती, आकृत्या दोन होत्या. एवढं सांगून झाल्यावर 'पण मग खरंच किती?' असं विचारायला माझ्याकडे काही उरत नाही. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये व्यक्तीच्या ओळखीबद्दल हीच दिशा घेतली होती, आणि या प्रयोगांचा आधार घेऊनच.

---

शमीवृक्ष

माझ्याकडे मात्र उरतं. संबंधांची यादी पूर्ण झाली तरी ते संबंध कुणाला जाणवतात हा प्रश्न मागे राहतोच. मांजराला विचारता येत नाही. तरंगताईंनी ज्या डोळ्यांत पाहिलं त्यांना विचारता येतं, पण त्या क्षणी ते बोलू शकत नव्हते. ताई, औषध उतरल्यावर त्या रुग्णांना ती मिनिटं आठवतात का? 'मला सगळं कळत होतं, बोलता येत नव्हतं' असं कुणी सांगतं का?

---

तरंग

काका, माझ्या पाहण्यात दोन्ही तऱ्हा आहेत. काहीजण सांगतात की शब्द येत नव्हते पण सगळं समजत होतं, दाखवलेल्या वस्तूही ओळखतात. काहीजण म्हणतात मी तर पूर्ण वेळ मोजत होतो, थांबलोच नाही. त्यांना व्हिडिओ दाखवला तरी पटत नाही.